अमिताभ पडला म्हणजे नेमकं काय पडलं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमिताभ बच्चनच्या कारकिर्दीतल्या चढ-उतारांवर आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. 'सर्वोत्तम चित्रपट कोणता' असं विचारणारी पत्रं बाजूला ठेवली, कारण त्या वादाला अंत नाही. ज्यांना हिशेबात उत्तर देता येतं, असेच प्रश्न निवडले.

'जंजीर'च्या आधी त्याचे ओळीने बारा चित्रपट पडले, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. कॉलेजच्या प्रकल्पात हा आकडा दिला तर चालेल का?
*एक विद्यार्थिनी, सदाशिव पेठ*

आकडा नको, यादी द्या. 'बारा' हा आकडा कोण कसं मोजतो त्यावर बदलतो, आणि 'ओळीने' हा शब्द तर सरळ चूक आहे. 'सात हिंदुस्तानी' (१९६९) हा पहिला चित्रपट. त्याच वर्षीच्या 'भुवन शोम'मध्ये आणि पुढे 'बावर्ची'मध्ये त्याचा फक्त आवाज आहे, मग ते कुठे धरायचे? 'रेश्मा और शेरा'त (१९७१) तो मुका आहे. ज्याच्या आवाजावर पुढे सगळा डोलारा उभा राहिला, त्याच्या तोंडी एक वाक्य नाही! 'परवाना'त तो खलनायकाच्या बाजूला झुकलेला. ही अपयशं नायक म्हणून त्याच्या खात्यावर टाकता येत नाहीत.

शिवाय मध्येच 'आनंद' (१९७१) आहे. तो चालला, आणि सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर त्याला मिळाला. 'बॉम्बे टू गोवा'ही (१९७२) बऱ्यापैकी चालला. नायक म्हणून पडलेले ठळक चित्रपट म्हणजे 'बन्सी बिरजू', 'एक नजर', 'रास्ते का पत्थर' आणि 'बंधे हाथ'. तक्त्यात चार रकाने करा: वर्ष, भूमिका केवढी, नायक कोण, चालला की नाही. तिसरा रकाना भरताना निम्मा गोंधळ आपोआप सुटेल.

'जंजीर' (मे १९७३) धर्मेंद्र, देव आनंद, राजकुमार यांच्याकडून फिरत त्याच्यापाशी आला. नायकाच्या तोंडी एकही गाणं नाही, ही त्या काळी मोठीच अडचण होती. सलीम-जावेद यांनी त्याचं नाव सुचवलं ते 'बॉम्बे टू गोवा'तली मारामारी पाहून: मार खाऊन पडतो, उठतो, आणि तोंडातला घास चघळणं चालूच. 'जंजीर'मधला पोलीस चौकीतला प्रसंग पुन्हा पाहा. प्राण खुर्चीवर बसणार, तेवढ्यात हा खुर्चीला लाथ घालतो. आरडाओरडा लाथेनंतर येतो, आधी नाही. 'जंजीर'ची नायिका जया भादुरी मात्र तेव्हा नाव झालेली होती. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडली आणि 'गुड्डी'ने (१९७१) घराघरांत पोचली. पोस्टरवर तिच्या नावाला वजन होतं, हेही तक्त्यात येऊ द्या.

'अग्निपथ' तुफान चालला असं माझा नातू म्हणतो, मी म्हणतो पडला. खरं कोण? आणि पडला हे ठरवतं कोण?
*एक आजोबा, हडपसर*

आजोबा, तुमचं खरं. फेब्रुवारी १९९०मध्ये आलेला 'अग्निपथ' धंद्यात पडला. त्याच भूमिकेसाठी अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे व्हिडिओवर, टीव्हीवर लोकांनी तो डोक्यावर घेतला. नातवाने पाहिलाय तो हा दुसरा जन्म. मांडव्याच्या विजय दीनानाथ चव्हाणसाठी त्याने आवाज मुद्दाम घोगरा केला होता. प्रेक्षक तिकिटाच्या खिडकीपाशी येऊन तक्रार करू लागले की तुमचा साउंड बिघडलाय.

आता ठरवतं कोण, ते सांगतो. जुन्या पद्धतीत देशाच्या टेरिटऱ्या, म्हणजे वितरणाचे विभाग, पाडलेल्या होत्या. पुणे मुंबई टेरिटरीत, विदर्भ सीपी-बेरारमध्ये, तर मराठवाडा निजाममध्ये. आपलं एकच राज्य, पण हिशेब तीन वितरकांचे! वितरक निर्मात्याला एमजी द्यायचा, म्हणजे किमान हमीची रक्कम. वर प्रिंटा आणि जाहिरातीचा खर्च त्याच्याच अंगावर. टॉकीजवाला बहुतेक ठिकाणी आठवड्याचं ठरलेलं भाडं कापून घ्यायचा आणि उरलेलं वितरकाकडे यायचं. दिलेली रक्कम, खर्च आणि कमिशन (बहुधा वीस टक्के) वसूल झालं की पुढचा पैसा 'ओव्हरफ्लो', तो निर्माता आणि वितरक निम्मा-निम्मा वाटून घ्यायचे.

समजा, एका चित्रपटाने एका टेरिटरीत भाडी वजा जाता ४५ लाख आणले. वितरकाने तो ४० लाखांना घेतला होता आणि वर १० लाख खर्च झाला, म्हणजे ५ लाख बुडाले. चित्रपट पडला. तोच २५ लाखांना घेतला असता तर १० लाख हातात राहिले असते आणि हाच माणूस पेढे वाटत फिरला असता. प्रेक्षक तेवढेच, खुर्च्या त्याच. बदलला तो भाव. अमिताभचा भाव सगळ्यांत चढा, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा 'बरा चालला' म्हणवला असता तेवढ्या धंद्यात त्याचा चित्रपट पडायचा. आमच्या मते त्याचे बरेचसे उतार अभिनयापेक्षा भावाचे आहेत.

मल्टिप्लेक्सचा हिशेब वेगळा. २००९च्या तडजोडीपासून वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० अशी साधारण विभागणी आहे. २३६ रुपयांच्या तिकिटातले ३६ जीएसटीचे, उरले २००. पहिल्या आठवड्यात त्यातले १०० वितरकाचे, चौथ्यात ६० च. म्हणून आता सगळी धडपड पहिल्या तीन दिवसांची. २०१८चा 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान' पहिल्याच दिवशी ५० कोटींच्या वर गेला आणि लगेच कोसळला. मोठं ओपनिंग आणि मोठं अपयश एकाच चित्रपटाचं असू शकतं, ते हे असं.

रौप्यमहोत्सवाच्या पाट्यांवर मात्र फार विसंबू नका. पंचवीस आठवडे 'ओढून' पुरे करण्यासाठी निर्माते पदरचं भाडं भरत. रोज चार खेळ की नुसती मॅटिनी, ते आधी विचारा.

'कुली'चा शेवट खरंच बदलला होता का?
*कसबा पेठ*

हो. मूळ कथेत नायक मरणार होता. २६ जुलै १९८२ला बंगळुरूला पुनीत इस्सरबरोबरच्या मारामारीत टेबलाचा कोपरा अमिताभच्या पोटात लागला. पुढे ब्रीच कँडीत दोन महिने मरणाशी झुंज झाली. जो माणूस खऱ्या आयुष्यात वाचला त्याला पडद्यावर मारणं दिग्दर्शक मनमोहन देसाईंना नको होतं, म्हणून नायक जगला. ज्या फटक्याने इजा झाली तिथे चित्र थिजवून पडद्यावर तशी ओळ टाकली आहे.

'शहेनशाह'नंतर एकदम काय झालं? राजकारण भोवलं का?
*कर्वेनगर*

राजकारणाने प्रतिमेला डाग लागला, पण तेवढ्याने थिएटर रिकामं होत नाही. १९८४ला अलाहाबादेतून निवडून येणं आणि १९८७ला राजीनामा, हे सगळं होऊनही 'शहेनशाह' (१९८८) जोरात चालला. घसरण त्याच्या पुढची: 'गंगा जमुना सरस्वती', मग १९८९मध्ये 'तूफान', 'जादूगर', 'मैं आज़ाद हूँ'. यातले मधले दोन तर एकाच ऑगस्टमध्ये आले, म्हणजे एकमेकांचेच ग्राहक खायला.

कारणं तीन. घरोघरी व्हिडिओ आल्याने मधला वर्ग टॉकीजकडे फिरकेना. 'कयामत से कयामत तक' (१९८८) आणि 'मैंने प्यार किया' (१९८९) यांनी विशीतल्या पोरांना त्यांच्याच वयाचे नायक दिले. आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्या अमिताभसाठी लेखक अजून विशीतल्या 'विजय'च्याच (पडद्यावरचं त्याचं नेहमीचं नाव) कथा लिहीत होते, फक्त जादूचे प्रयोग आणि चमकते कपडे घालून. तरी १९९०चा 'आज का अर्जुन' आणि १९९१चा 'हम' चालले, 'खुदा गवाह'नेही (१९९२) नाव राखलं. त्यामुळे आलेख काढताना सरळ खाली जाणारी रेघ मारू नका, करवतीसारखी येईल.

मित्रांबरोबर छोटी निर्मिती संस्था काढतोय. एबीसीएल कशाने बुडाली ते नीट सांगाल का?
*चिंचवड*

हा सगळ्यांत कामाचा प्रश्न. एबीसीएल, म्हणजे अमिताभ बच्चन कॉर्पोरेशन लिमिटेड, १९९५च्या सुमारास निघाली. चित्रपटनिर्मिती, वितरण, संगीत, टीव्ही मालिका, कार्यक्रमांचं आयोजन, सगळं एकदम. पहिला चित्रपट 'तेरे मेरे सपने' (१९९६) बरा गेला. नोव्हेंबर १९९६मध्ये बंगळुरूची मिस वर्ल्ड स्पर्धा झाली, तीत कंपनीला मोठा फटका बसला. १९९७ला 'मृत्युदाता' पडला. १९९९पर्यंत प्रकरण बीआयएफआर या आजारी उद्योगांसाठीच्या सरकारी मंडळापुढे गेलं. कर्ज सुमारे ९० कोटींचं होतं, असं त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे.

चूक कल्पनेत नव्हती, अशा कंपन्या नंतर भरपूर चालल्या. चूक होती ती क्रमात. चित्रपटाचा पैसा लाटेसारखा येतो, पगार आणि भाडं मात्र दर महिन्याच्या एक तारखेला जातं. पाच धंदे एकदम काढले की पाच खर्च लगेच सुरू होतात आणि पाचही वसुल्या उशिरा येतात. तुमच्यासाठी सांगायचं तर:

आधी महिन्याचा बांधील खर्च काढा (जागा, दोन माणसं, हिशेबनीस, उपकरणांचे हप्ते) आणि त्याला अठराने गुणा. लघुपट विकून पैसा हातात यायला दीड वर्ष सहज जातं. तेवढी शिल्लक नसेल तर ऑफिस घेऊ नका, कॅमेरा भाड्याने आणा. प्रत्येक कामाचा वेगळा हिशेब ठेवा, एकाचा ॲडव्हान्स दुसऱ्याच्या शूटिंगला वापरला की बुडणं सुरू झालं समजा. अंदाजपत्रकात दहा टक्के अकल्पित खर्चासाठी ठेवा. आणि घर तारण टाकून वैयक्तिक हमीवर सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा. कंपनी 'लिमिटेड' असली तरी हमी दिलेल्याची सुटका नसते.

जाता जाता: त्याने कर्ज फेडलं आणि कंपनी एबी कॉर्प नावाने चालू राहिली. उमेश कुलकर्णी यांचा मराठी 'विहीर' याच कंपनीचा. छोटं बजेट, एक दिग्दर्शक, एक चित्रपट. आधीच हे केलं असतं तर, असं वाटून जातं खरं.

'कौन बनेगा करोडपती'ने त्याला वाचवलं, की 'मोहब्बतें'ने?
*बिबवेवाडी*

पैशाच्या आणि रोजच्या दर्शनाच्या बाबतीत 'करोडपती'. ३ जुलै २०००ला स्टार प्लसवर सुरू झाला. रात्री नऊ, पंधरा प्रश्न, एक कोटी. त्या वेळी मोठ्या नटाने टीव्हीवर येणं म्हणजे उतरणं समजलं जाई. पण हिशेब बघा, इथे शुक्रवारचं ओपनिंग नाही आणि वितरकाचं बुडणं नाही. काम केलं की मोबदला. हातात चेक घेऊन, समोरच्याला 'आप' म्हणत बसलेला माणूस लोकांना नवा वाटला. पहिला कोटी जिंकणारा आपला हर्षवर्धन नवाथे.

'मोहब्बतें' त्याच ऑक्टोबरमध्ये आला. त्यासाठी अमिताभ स्वतः यश चोप्रांकडे काम मागायला गेला होता. तिथे चित्रपट शाहरुखच्या खांद्यावर, आणि हा दाढीवाला, करडा मुख्याध्यापक. वय लपवायची गरज संपली. 'ब्लॅक' (२००५), 'पा' (२००९), 'पिकू' (२०१५) हे तिन्ही राष्ट्रीय पुरस्कार त्या दाढीच्या नंतरचे. मधल्या काळात 'राम गोपाल वर्मा की आग' (२००७) सणकून आपटला, पण त्याचा भाव काही हलला नाही.

जुन्या चित्रपटांची खात्रीची माहिती पुण्यात कुठे मिळेल?
*औंध*

लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पोस्टरं, स्टिल्स, गाण्यांच्या पुस्तिका, नियतकालिकं तिथे आहेत. आधी ईमेलने विचारून, कॉलेजचं किंवा संस्थेचं पत्र घेऊन जा. 'अमिताभविषयी सगळं' असं मागितलंत तर कर्मचारी हतबल होतील. चित्रपटाचं नाव आणि वर्ष लिहून न्या.

कुठे किती आठवडे चालला ते पाहायचं तर जुन्या दैनिकांच्या बांधीव फायली काढा. शुक्रवारच्या सिनेमांच्या जाहिरातीत आठवडा छापलेला असे. पुण्यातला आकडा मुंबईच्या आकड्यात मिसळू नका, दोन्हीकडे चित्रपट एकाच दिवशी लागेच असं नव्हतं.

वर्षाचा घोळ झाला तर सेन्सॉर प्रमाणपत्रावरची तारीख आणि प्रदर्शनाची तारीख वेगवेगळ्या नोंदवा. डिसेंबरात प्रमाणपत्र आणि जानेवारीत प्रदर्शन, हे नेहमीचंच. जुन्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असे. ३५ एमएमच्या फिल्मला मिनिटाला साधारण २७.४ मीटर लागतात, म्हणजे ४,९३२ मीटर भागिले २७.४ की बरोबर १८० मिनिटं. तुमच्याकडची डीव्हीडी १६२ मिनिटांचीच निघाली, तर अठरा मिनिटं कुणीतरी कापली आहेत. बहुतेक वेळा एखादं गाणं आणि विनोदी उपकथानक गेलेलं असतं.