ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये लावलेले फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर गायब का होतात?

गायब होत नाहीत हो. ते ड्रॉइंगमध्ये कधी नव्हतेच.

तुम्ही लिहिलंय, घरच्या लॅपटॉपवर मोजणी नकाशाचा स्कॅन नीट दिसतो, पण ऑफिसात तीच डीडब्ल्यूजी (ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची ड्रॉइंग फाइल) उघडली की रिकामी चौकट येते. एका ड्रॉइंगात तर चौकटसुद्धा नाही. फाइल न फुगवता फोटो कायमचा आत कसा बसवायचा, हेही विचारलंय. आणि जाता जाता लिहिलंय, 'आमचे सर म्हणतात तूच डिलीट केला असशील.' त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलो. बाकीचं तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत सापडलं असतं.

सातबारा बघितलाय ना? सातबाऱ्याच्या कागदात शेत नसतं, गटनंबर असतो. इमेज अटॅच केली की डीडब्ल्यूजीत तेवढीच नोंद होते: फोटोची फाइल कुठल्या फोल्डरात आहे, शीटवर कुठं ठेवली, किती मोठी केली, किती अंशात फिरवली. फोटो स्वतः बाहेरच, जिथं होता तिथं. एक्सप्लोररमधून ओढून ड्रॉइंगवर सोडला तरी तेच होतं. ओढला म्हणजे आत गेला असं वाटतं, पण जात नाही.

माझं झालं ते 2013 साली. आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल करून सोलापुरात सात रस्त्याजवळ एका इंजिनिअरच्या ऑफिसात लागलो होतो. त्यांना सगळे सरच म्हणायचे. सर अमोनिया प्रिंटच्या काळातले, ट्रेसिंगवर शाईनं काढून चुका ब्लेडनं खरवडलेले. त्यांच्या लेखी ड्रॉइंग म्हणजे एक शीट. त्यावर जे काढलं ते त्याच शीटवर, ते उठून कुठं जाणार? आणि अक्षर असं की अजून कुणाचं तसं बघितलं नाही. कॉम्प्युटरला मात्र हात लावायचे ते फक्त माझी चूक दाखवायला.

काम होतं होटगी रोडला टॉवेलच्या कारखान्याची शेड. मालक यंत्रमागवाले, घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. जागा वाकडीतिकडी, एका बाजूला नाला. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे जागेचा सरकारी मोजणी नकाशा, स्कॅन करून ड्रॉइंगच्या खाली घेतली, दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजून आणलं होतं त्यावर अलाइन करून स्केलला बसवली आणि वरून हद्द गिरवली. पोरांनो, हे काम मन लावून करायचं असतं, अर्धा मीटर सरकलं की सामासिक अंतरं, म्हणजे हद्दीपासून सोडायची जागा, बोंबलतात. तोच स्कॅन शीटच्या कोपऱ्यातही ठेवला, म्हणजे महापालिकेत तपासणाऱ्याला शेजारी शेजारी बघता येईल. फाइल माझ्या मशीनवर डी ड्राइव्हला, 'न्यू फोल्डर 3' नावाच्या फोल्डरात. हसू नका, तुमच्याकडे तरी काय वेगळं आहे?

मे महिना, दुपारी लाइट गेलेली, यूपीएस कोकलतोय. सर म्हणाले, पेनड्राइव्हवर दे, नवी पेठेतून प्लॉट (मोठ्या शीटवरचा प्रिंट) काढून आणतो. मी घाईत डीडब्ल्यूजी तेवढी टाकली. प्लॉटरवाल्याला उघडताना सूचना आलीच असणार, त्यानं ती बंद केली असणार. तो दिवसभर लोकांच्या फाइली काढतो, प्रत्येकाची सूचना वाचत बसला तर दुकान चालायचं नाही. ए-वनच्या पाच शीट निघाल्या. सरांनी गुंडाळी उघडून बघितली नाही, मालकांच्या हातात दिली.

सोमवारी मालक ती घेऊन महापालिकेत गेले. तिथल्या साहेबांनी शीट पसरली आणि कोपऱ्यावर बोट ठेवून विचारलं, हा चौकोन कशाचा? मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं, पाण्याची टाकी असेल.

अकरा वाजता दोघंही ऑफिसात. मालकांसमोर सर मला म्हणाले, "काय बे, फोटो का उडवलास?"

मी म्हणालो, सर, फोटो आहे, बघा. माझ्या मशीनवर फाइल उघडली, स्कॅन जागच्या जागी, नाल्यासकट. मला वाटलं सुटलो.

सर म्हणाले, "आता परत टाकलास की."

यावर काय बोलणार सांगा. पुराव्याचाच गुन्हा झाला. पाच शीटचे पैसे त्या महिन्याच्या पगारातून गेले. पैशाचं मी विसरलो, पण मालकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ते विसरलो नाही. पुढं त्यांच्या घराचं काम निघालं तेव्हा त्यांनी सरांना सांगितलं होतं म्हणे, त्या पोराला देऊ नका.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात कायदा: अटॅच बंद, सगळं पेस्ट. सरांचा पुतण्या फ्लेक्सचं काम करायचा, कोरलमध्ये. त्यानं सांगितलं होतं, आमच्यात तर फोटो फाइलच्या आतच राहतो. खोटं नाही ते, कोरलमध्ये फोटो इम्पोर्ट केला की एरवी आतच बसतो. पण कोरलचा कायदा ऑटोकॅडला लावायचा म्हणजे मागाच्या धोट्यानं शर्ट शिवायचा. झालं, आम्ही स्कॅन पेंटमध्ये उघडून, सगळा सिलेक्ट करून, कॉपी करून ऑटोकॅडमध्ये पेस्ट करायला लागलो. याला ओएलई म्हणतात, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधली वस्तू आणून ड्रॉइंगमध्ये बसवायची. यात फोटो खरंच ड्रॉइंगच्या पोटात जातो, हे मान्य. पण जातो तो बिटमॅप होऊन. हिशोब करा: ए-थ्री कागद 300 डीपीआयला रंगीत स्कॅन केला तर साधारण 3500 बाय 4960 पिक्सेल. जेपीजीत तो दोन-चार एमबीत मावतो, बिटमॅप म्हणून सोडवला की 50 एमबीच्या वर. आमच्या फाइली अशा फुगल्या की सेव्ह दाबून मी खाली जाऊन चहा पिऊन यायचो.

आणि मग दिवाळीनंतर सरांचाच फोटो गेला. त्यांनी पेस्ट केलेल्या स्कॅनची साइटची फाइल दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरून जोडलेलं ड्रॉइंग म्हणून, लावून घेतली. रेषा सगळ्या आल्या, स्कॅन नाही. ओएलई वस्तू एक्सरेफमधून किंवा ब्लॉकमधून (एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या गठ्ठ्यातून) दिसत नाहीत आणि छापल्याही जात नाहीत, हा ऑटोकॅडचा जुना नियम आहे. पेनड्राइव्ह नाही, प्लॉटरवाला नाही, मी त्या फाइलीला हातसुद्धा लावला नव्हता. सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. 'सर, तुम्हीच डिलीट केला असेल,' हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं.

आता तुमचं. आधी चौकट नीट बघा, अर्धं निदान तिथंच होतं. चौकटीत फाइलचा पाथ, म्हणजे पत्ता, लिहिलेला दिसत असेल तर ऑटोकॅडला फाइल सापडलेली नाही. एक्सरेफ कमांड द्या, पॅलेट उघडेल, फोटोच्या नावापुढे 'नॉट फाउंड' असेल. नाव निवडून खाली 'सेव्हड पाथ' वाचा. त्यात तुमच्या घरच्या लॅपटॉपचं नाहीतर युजरचं नाव निघणार, ते ऑफिसात कुठून येणार? सगळ्यात सोपा इलाज म्हणजे फोटोची फाइल डीडब्ल्यूजी आहे त्याच फोल्डरात टाकायची आणि रीलोड करायचं. लिहिलेल्या पत्त्यावर फाइल मिळाली नाही तर ऑटोकॅड ड्रॉइंगच्या स्वतःच्या फोल्डरातही शोधतं. नाव मात्र तेच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर नावही बदलतं आणि स्कॅनचा चोथाही होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

चौकट आहे पण आत पाथ लिहिलेला नाही, तर कुणीतरी इमेज अनलोड केलीय, नाहीतर प्रॉपर्टीजमध्ये 'शो इमेज' नो करून ठेवलंय. मोठा स्कॅन असला की मशीन अडखळतं, म्हणून लोक हे करतात आणि विसरतात.

चौकटच नाही ते तुमचं दुसरं ड्रॉइंग. त्यात फोटोचा लेअर फ्रीझ, म्हणजे थर लपवलेला, आहे का बघा, मग फोटोवर सॉलिड हॅच (भरीव रंग) बसलाय का बघा, असेल तर ड्रॉऑर्डर कमांडनं फोटो वर घ्या. तो अटॅच नसून पेस्ट केलेला असेल तर ओएलईहाइड टाइप करा, उत्तर 0 आलं पाहिजे. 1 असेल तर ओएलई फक्त पेपर स्पेसमध्ये, म्हणजे छापायच्या शीटवर, दिसतं, 2 असेल तर फक्त मॉडेलमध्ये, म्हणजे मूळ ड्रॉइंग काढतो तिथं, 3 असेल तर कुठंच नाही. हे सेटिंग ड्रॉइंगमध्ये नसून त्या त्या मशीनवर साठतं, म्हणून घरी दिसतं आणि ऑफिसात दिसत नाही. एक्सरेफचं वर सांगितलंच. अजून एक, पीडीएफ इम्पोर्ट करून आणलेलं असेल तर त्यातले फोटोही आत गेलेले नसतात. ऑटोकॅड त्यांच्या पीएनजी फाइली काढून एका फोल्डरात ठेवतं आणि अटॅच करतं. तो फोल्डर कुणी साफसफाईत उडवला की गेलं.

पुढच्या वेळी अटॅच करताना पाथ रिलेटिव्ह, म्हणजे ड्रॉइंगच्या फोल्डरापासून धरलेला, ठेवा, म्हणजे पूर्ण फोल्डर उचलून कुठंही नेलं तरी चालतं. फक्त फोटो आणि ड्रॉइंग एकाच ड्राइव्हवर पाहिजेत. 2018 च्या आवृत्तीपासून ऑटोडेस्कनं स्वतःच रिलेटिव्ह हे आपोआपचं सेटिंग करून टाकलंय, त्याआधी पूर्ण पाथ यायचा. म्हणजे आमच्या 2013 च्या भांडणाचा निकाल कंपनीनंच लावला, फक्त सरांपर्यंत पोचला नाही. आणि फाइल दुसऱ्याला देताना ई-ट्रान्समिट कमांड वापरा. ते डीडब्ल्यूजी, फोटो, एक्सरेफ आणि सेटिंगमध्ये निवडले तर फॉन्टही गोळा करून एक झिप बनवतं. मला कुणी नुसती डीडब्ल्यूजी पाठवली तर मी उघडतच नाही, परत पाठवतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

प्लॉटरवाल्याला तर डीडब्ल्यूजी द्यायचीच नाही. पीडीएफ काढायची, तीत फोटो खरोखर आत असतो, आणि द्यायच्या आधी स्वतः उघडून कोपरा न् कोपरा बघायचा. काही प्लॉटरवाले आपल्या पेन सेटिंगसाठी डीडब्ल्यूजीच मागतात, त्यांना झिप द्या. इमेजफ्रेम हे सेटिंग 2 ठेवलं तर चौकट स्क्रीनवर दिसते पण छापली जात नाही, हेही लक्षात ठेवा. मी ते ठेवलं असतं तर तो चौकोन छापलाच नसता आणि पाण्याच्या टाकीचा विषय निघाला नसता. कोपरा नुसता कोरा गेला असता. ते बरं झालं असतं की आणखी वाईट, हे मला आजवर ठरवता आलं नाही.

फाइल न फुगवता फोटो आत बसवायचा प्रश्न राहिला. होत नाही. सही, शिक्का, ऑफिसचा लोगो, असलं बारीक काही असेल तर खुशाल पेस्ट करा, तेवढ्यापुरतं सरांचं बरोबर होतं. मोठे स्कॅन आणि ड्रोनचे फोटो बाहेरच राहू द्या.

आणि आता इतकं लिहिलं तर हेही लिहितो, त्या दिवशी पेनड्राइव्हवर नुसती डीडब्ल्यूजी मीच टाकली होती. डिलीट नव्हता केला, पण द्यायचाही राहिला होता. सरांना हे मी कधी सांगितलं नाही. मध्ये एकदा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर भेटले, नातू बरोबर होता. पहिला प्रश्न, "अजून अटॅचच करतोस का बे?" हो म्हणालो. "मग उडत असतील," म्हणाले आणि नातवाला घेऊन पाळण्याकडे गेले.

तुमच्या सरांना पॅलेट उघडून ते 'नॉट फाउंड' दाखवा. डिलीट केला असं तिथं लिहिलेलं नसतं. खरंच कुणी डिलीट केला असेल तरी 'नॉट फाउंड'च येतं, पण हे त्यांना सांगू नका.