जुन्या पिकअपच्या इंजिनवरचे ठिसूळ झालेले व्हॅक्यूम पाइप चिकटवता येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे: गाडी पंचवीस वर्षांची पेट्रोल पिकअप, इंजिनवरचे व्हॅक्यूमचे (इंजिनची हवेची ओढ इतर भागांना पोचवणारे) बारीक काळे प्लास्टिकचे पाइप हात लागला तरी तुटतात, सुपरग्लू लावला तो टिकला नाही, स्लो (रेस न देता चालणाऱ्या इंजिनचा वेग) वरखाली होतो आणि चढावर रेस दिली की एसीची हवा समोरून यायची थांबून काचेवर जाते. पाइप दुरुस्त करावेत की सगळी लाइन बदलावी?

चिकटवायचं सोडून द्या. तुटलेला आणि तुटायला आलेला भाग कापून टाका आणि तिथे रबर घाला. जे छोटे प्लास्टिकचे तुकडे निव्वळ पाइप नसतात (हवा एकाच दिशेने सोडणारा चेक व्हॉल्व्ह, एका दिशेने हवा हळू सोडणारा डिले व्हॉल्व्ह, बारीक छिद्राचे जोड) ते मात्र जपा. कामाचा वेळ पाइपपेक्षा या तुकड्यांवरच जास्त जातो.

हे पाइप बहुतेक नायलॉनचे असतात. वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन आणि तेलाची वाफ खाऊन नायलॉनची लवचिकता जाते. जिथे तडा दिसतो तिथलंच प्लास्टिक गेलेलं असतं असं नाही, बाजूचे दहा-पंधरा सेंटिमीटरही तितकेच मेलेले असतात. सुपरग्लू वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. इंजिनच्या थरथरीत तो सांधा सुटतो, नाहीतर शेजारी नवा तडा जातो. तेल मुरलेल्या नायलॉनवर इपॉक्सीही नीट धरत नाही आणि पॉलिप्रॉपिलीनवर तर कुठलाच साधा डिंक बसत नाही.

सुरुवात करण्याआधी बॉनेटच्या आतल्या बाजूला व्हॅक्यूम लाइनचा नकाशा छापलेला स्टिकर आहे का बघा. असला-नसला तरी फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला मास्किंग टेप लावून नंबर घाला. थ्रॉटलच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) वरच्या बाजूचं पोर्ट (नळी जोडायचं तोंड) आणि मॅनिफोल्डचं (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) थेट पोर्ट यांची अदलाबदल झाली, तर स्लोला डिस्ट्रिब्युटरचा अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडते ते) चुकतो आणि मग गळती नसताना गळती शोधत बसावं लागतं.

काढताना ओढू नका. तुटण्याच्या घटना बहुतेक इथेच घडतात, आणि तुटतं ते रबर नाही, आतलं निप्पल (रबर ज्यावर चढवलेलं असतं ते बारीक तोंड). हेअर ड्रायरने किंवा गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने सांधा ऊबदार करा आणि रबराचं टोक आधी गोल फिरवून सैल करा. फिरत नसेल तर कटर ब्लेडने रबर लांबीच्या दिशेने चिरा आणि सालीसारखं सोलून काढा. रबर वाया गेलं तरी चालेल, निप्पल वाचलं पाहिजे. ब्लेड निप्पलपर्यंत खोल गेलं तर त्यावर ओरखडा पडतो आणि पुढे तिथूनच हवा ओढली जाते.

मग पाइप कुठवर चांगला आहे ते वाकवून बघा. धडधाकट नायलॉन वाकतं आणि परत सरळ होतं. वाकवलेल्या जागी पांढरी रेघ उमटली किंवा बारीक ‘टक्’ आवाज आला, तर आणखी मागे कापा. वीतभर मागे जाऊनही चांगला भाग लागला नाही तर तो पूर्ण पाइप काढून टाका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जवळचे आणि इंजिनच्या मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) बाजूचे पाइप बहुतेक वेळा पूर्णच बदलावे लागतात.

चांगल्या टोकाला जोड घालायची रीत सोपी आहे. टोक ब्लेडने काटकोनात कापा. कात्रीने किंवा पकडीने कापलं तर ते चेपतं. पाइपच्या बाहेरच्या व्यासापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर कमी आतला व्यास असलेली, जाड भिंतीची रबरी नळी घ्या. म्हणजे ४ मिलिमीटरच्या पाइपला साडेतीनची. चार सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. दोन्हीकडून पाइप आत घालताना त्यांची टोकं मध्यभागी एकमेकांना टेकली पाहिजेत. मध्ये रिकामी जागा राहिली तर गरम झालेलं रबर तिथे आत ओढलं जाऊन चेपतं. घालताना टोक पाण्यात बुडवा. ग्रीस लावू नका, इपीडीएम जातीचं रबर पेट्रोलियम ग्रीसने फुगतं. एवढ्या बारीक नळीला क्लॅम्प लागत नाही, आणि प्लास्टिकची केबल टाय आवळली तर नळी अंडाकृती होऊन उलट गळती वाढते.

रबर कुठलं घ्यायचं हे त्यातून काय वाहतं त्यावर ठरतं. एसीचे फ्लॅप (हवेची दिशा बदलणाऱ्या झडपा), फोर-व्हीलचा अॅक्च्युएटर (फोर-व्हील ड्राइव्ह जोडणारा भाग) अशा फक्त कोरडी हवा जाणाऱ्या लाइनला इपीडीएम उत्तम. पीसीव्ही (इंजिनच्या पोटातली वाफ परत ओढून घेणारी लाइन) आणि चारकोल कॅनिस्टरच्या (पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) लाइनमधून तेलाची, पेट्रोलची वाफ जाते, तिथे इपीडीएम मऊ पडतं. तिथे नायट्राइल किंवा इंधनासाठीचीच नळी वापरा. सिलिकॉन उष्णता झकास सोसतं, पण इंधनाच्या वाफेला ते नको, आणि पातळ सिलिकॉन व्हॅक्यूमने चेपतं. ब्रेक बूस्टरच्या (ब्रेक पेडलचा जोर वाढवणारा भाग) नळीला कसलाही जोड नको. ती व्हॅक्यूम ब्रेकसाठीच बनवलेली, अखंड आणि नवीनच घ्या. गाडी डिझेल असेल तर व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून न येता बहुधा वेगळ्या पंपातून येतो, पण बूस्टरचा नियम तोच.

आता जपून ठेवायचे तुकडे. लाइनमध्ये मध्येच एखादी रंगीत चकती असेल, तर तो डिले व्हॉल्व्ह असू शकतो. एका दिशेने हवा सहज जाते, दुसऱ्या दिशेने हळू. रंगाची कुठली बाजू कुठे होती त्याचा फोटो हवाच. काही टी-जोडांत एका फांदीला सुईएवढं छिद्र असतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, त्याजागी मोकळा पितळी टी बसवला की स्लो बिघडतो. नवा जोड बसवण्याआधी जुन्यातून फुंकून बघा, प्रत्येक फांदीतून हवा सारखीच जाते का.

तुमचं चढावरचं लक्षण चेक व्हॉल्व्ह किंवा व्हॅक्यूमच्या टाकीकडे बोट दाखवतं. रेस दिली की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पडतो. तेवढा वेळ टाकीत साठलेल्या व्हॅक्यूमने फ्लॅप धरून ठेवायचे असतात आणि चेक व्हॉल्व्हने तो साठा इंजिनकडे निसटू द्यायचा नसतो. साठा गळाला की फ्लॅप स्प्रिंगने काचेच्या बाजूला जातात, बऱ्याच पिकअपमध्ये ही रचना जाणूनबुजून तशी केलेली असते. व्हॉल्व्ह काढून टाकीच्या बाजूने फुंका, हवा इंजिनच्या बाजूने बाहेर आली पाहिजे. इंजिनच्या बाजूने फुंकलं तर अजिबात जाता कामा नये. टाकीला तडा असेल तर तिच्यावर कोरलेली खूण बघा. ‘पीपी’ असेल तर त्याच प्लास्टिकच्या सळईने वेल्ड होते. काच भरलेलं नायलॉन असेल तर त्या भानगडीत पडू नका, दुसरी टाकी लावा. घरातला प्लास्टिकचा डबा तिथे चालणार नाही. २० इंच पाऱ्याच्या व्हॅक्यूमला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळपास ०.७ किलो दाब बाहेरून येतो, पातळ डबा चुरगळतो.

निप्पलच तुटलं असेल आणि ते मॅनिफोल्डमध्ये पेचाने बसवलेलं असेल, तर पूर्ण फिटिंग काढून पितळी बसवा. फिटिंग फिरवण्याआधी आजूबाजूची घाण झाडून घ्या, आणि तुटका तुकडा आत पडू देऊ नका. आत अडकलेल्या तुकड्यात लाकडी कामाचा स्क्रू हळूच दोन-तीन आटे फिरवून पक्कडीने ओढला की तो बहुधा निघतो. ज्या सुट्या भागाला पेच नाही आणि जो मिळतही नाही, अशा प्लास्टिकच्या भागाचं निप्पल वाचवायला एकच उपाय बरा: ३ मिलिमीटरची पितळी नळी उरलेल्या छिद्रात घट्ट बसेल एवढंच छिद्र ड्रिल करा, दोन्ही पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, इपॉक्सी लावून नळी आत सरकवा आणि २४ तास हात लावू नका. इथे भार पितळेवर येतो, इपॉक्सी फक्त फट बुजवते. पण त्या निप्पलमध्ये मुळात बारीक छिद्र असेल तर हा उपायही बाद.

जोडून झाल्यावर हाताच्या व्हॅक्यूम पंपाने प्रत्येक फांदी वेगळी तपासा. १५ ते २० इंच ओढा, काटा मिनिटभर हलता कामा नये. इंजिन चालू करून मॅनिफोल्डला गेज लावलं तर धडधाकट इंजिनमध्ये स्लोला समुद्रसपाटीवर साधारण १७ ते २१ इंच आणि काटा स्थिर दिसायला हवा. दर ३०० मीटर उंचीला जेमतेम एक इंच कमी धरा. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत मला पटत नाही, ठिणगीला निमित्त पुरतं. पाण्याची बारीक फवारणी किंवा कमी दाबाचा धूर टेस्टर बरा, धुराचा दाब १ पीएसआयच्या आत ठेवा.

गाडीला स्कॅनर जोडता येत असेल तर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) बघा. स्लोला तो बराच अधिक आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर गळती अजून शिल्लक आहे. पी०१७१ (मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी) सारखा कोड पुसण्याआधी हे बघून घ्या. आणि शेवटी स्लोचा स्क्रू तपासा. गळती झाकायला कुणीतरी तो फिरवून ठेवलेला असणं फार सामान्य आहे, गळती बंद झाली की तो मूळ जागी आणावा लागतो.