बरा न होणाऱ्या रुग्णाला भूल देणं, हे करिअर आहे का?

ताई, नमस्कार.

मुलगी परळला इंटर्नशिप करतेय, नीट-पीजीचा अभ्यास चालू आहे आणि ‘भूलशास्त्र घेऊन पुढे पॅलिएटिव्हकडे, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करण्याच्या कामाकडे, जाणार’ असं म्हणतेय. तुम्ही विचारता, जो माणूस बरा होणारच नाही त्याचं ऑपरेशन करायचं कशाला, आणि त्यात पोरीचं भवितव्य काय?

आधी ऑपरेशनचं सांगतो. कॅन्सर मांडीच्या हाडात पसरून हाड मोडलं की कूस बदलतानाही जीव जातो. आत रॉड टाकला तर दुखणं कमी होतं, माणूस उठून बसू शकतो. आतडं बंद झालं तर उलट्या थांबत नाहीत. आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे पिशवी लावली की अनेकदा निदान घोटभर चहा पोटात टिकतो. आजार तसाच राहतो, पण उरलेले दिवस सुसह्य होतात.

अशा रुग्णाला भूल देणं फार कौशल्याचं काम आहे. तो महिनोन् महिने मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकावर असतो. उपाशी ठेवायचं म्हणून त्याची सकाळची गोळी चुकली, तर तो तळमळतच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) येतो. नेहमीचा डोस चालू ठेवून ऑपरेशनच्या दुखण्याचं औषध वेगळं मोजावं लागतं. अंगावर फेंटॅनिल या मॉर्फिनसारख्याच औषधाची पट्टी असेल आणि तिच्यावरच गरम हवेचं पांघरूण आलं, तर औषध भरभर रक्तात उतरतं आणि श्वास मंदावू शकतो. आतडं बंद असलेल्याच्या पोटातलं पाणी भूल देताना फुप्फुसात जाण्याची भीती असते. जमेल तिथे नर्व्ह ब्लॉक देऊन तेवढाच भाग बधिर करतात.

आणि सगळ्यात अवघड काम ओटीच्या बाहेरचं. ‘हृदय थांबलं तर छाती दाबू नका’ असं रुग्णाने आधीच सांगितलं असेल, तर ऑपरेशनच्या वेळी त्याचं काय करायचं? हे आदल्या दिवशी रुग्णाशी आणि घरच्यांशी बसून, स्पष्ट बोलून ठरवावं लागतं. तुमच्या लेकीला अशा बोलण्याची भीती वाटत नसेल, तर तो मोठा गुण समजा.

आता भवितव्य. पॅलिएटिव्ह मेडिसिनमध्ये थेट एमडी करता येतं. टाटा मेमोरियलमध्ये ते 2012 पासून आहे. पण तिला ओटी सोडायची नसेल, तर मी आधी भूलशास्त्रात तीन वर्षांचं एमडी किंवा त्याच तोडीचं डीएनबी करायला सांगेन. त्यानंतर वेदनाशमनाची फेलोशिप किंवा ऑन्को-अ‍ॅनेस्थेशियात, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांना भूल देण्यात, डीएम ही पुढची पदवी. दिल्लीच्या एम्समध्ये ऑन्को-अ‍ॅनेस्थेशिया आणि पॅलिएटिव्ह मेडिसिन हा एकच विभाग आहे, यावरून ही दोन कामं किती जवळची आहेत ते कळेल. मुंबईत भूलतज्ज्ञाला कामाची ददात नाही. नर्सिंग होममधून फिरून काम करणारेही चांगलं कमावतात. निव्वळ पॅलिएटिव्हमध्ये मात्र नोकऱ्या मोजक्या आणि पैसा कमी, हे तिला आत्ताच ठाऊक असलेलं बरं.

मनावर ताण येतो, ही तुमची काळजी खरी आहे. म्हणून कॉलेज निवडताना कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आणि पेन क्लिनिक दोन्ही असलेलं बघा. त्याआधी, रीतसर परवानगी घेऊन, तिने काही दिवस वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात जाऊन बघावं. 1986 साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण. तिथून घरी आल्यावर ती काय म्हणते ते ऐका, आणि मग मला परत लिहा.