पुण्यात फ्लॅटमध्ये राहून घरी मांस ‘स्मोक’ करता येतं का? सोबतीला माणसं कुठे मिळतील?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुम्ही वारज्यात तिसऱ्या मजल्यावर राहता, अमेरिकन बार्बेक्यूचे व्हिडिओ बघून झोप उडालीय आणि ऐंशी हजारांचा स्मोकर (मंद आचेवर, धुरात तासन्‌तास मांस शिजवायचं भांडं) घ्यावा की नाही, असा पेच पडलाय.

घेऊ नका. निदान इतक्यात तरी नको. आधी जागा बघा, मग तीन माणसं जमवा, मग थर्मामीटर घ्या. स्मोकरचा नंबर शेवटी. मी नेमका उलट्या क्रमाने गेलो, म्हणून सांगतोय.

माझा पहिला प्रयोग सोसायटीच्या गच्चीवर, एप्रिलमधल्या एका रविवारी झाला. जुन्या बाजारातून एक पत्र्याचं पिंप आणलं होतं, त्याला खाली भोकं पाडली, वर जाळी टाकली आणि आत दोन कोंबड्या ठेवल्या. एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया पसरलेल्या होत्या आणि वारा तिकडेच वाहत होता. काकूंच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. अडीच तासांनी त्या वर आल्या, एक कुरडई उचलून वास घेतला आणि एक शब्द न बोलता सगळा पसारा आवरून खाली गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली. त्यात माझं नाव नव्हतं, फ्लॅट नंबर होता.

बरं, एवढं करून कोंबडी तरी खाण्यासारखी व्हावी? कडूजहर. जीभ बधिर झाल्यासारखी वाटत होती. मी लाकडाला दोष दिला, पण चूक हवेची होती. आच मंद राहावी म्हणून मी खालची भोकं जवळजवळ बुजवून टाकली होती. लाकडाला हवा मिळाली नाही की ते पेटत नाही, नुसतं धुमसतं, आणि त्यातून निघणारा दाट पांढरा धूर मांसावर डांबरासारखा कडू थर बसवतो. आपल्या आज्या चुलीपाशी फुंकणी घेऊन बसायच्या त्या उगाच नाही. चांगला धूर जेमतेम दिसतो, पातळ आणि निळसर. व्हिडिओत ढगासारखा धूर निघताना दिसतो तो बघायला छान असतो, खायला नाही.

म्हणून पहिला धडा हा, की आच कमी करायची ती हवा कोंडून नव्हे, विस्तव लहान ठेवून. मी आता लाकडी कोळशाची एक रांग भांड्याच्या कडेने अर्धवर्तुळात मांडतो आणि फक्त एका टोकाला चार-पाच रसरशीत निखारे ठेवतो. विस्तव त्या रांगेतून सावकाश सरकत जातो. मांस दुसऱ्या बाजूला, खाली पाण्याची परात. झाकणाचं वरचं तोंड कायम उघडं, कमी-जास्त करायचं ते खालचं. झाकणाखाली ११० ते १२० अंश सेल्सिअस राहिले की झालं. हे साध्या गोल झाकणाच्या ग्रिलमध्येही जमतं. ते गोल ग्रिल तरी काय, १९५२ साली वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफनने समुद्रातल्या तरंगत्या बोयाच्या धातूच्या अर्ध्या गोळ्यापासून बनवलेलं. आपण पिंपापासून बनवलं तर लाज कसली! मात्र पिंप खाद्यतेलाचं असावं, केमिकलचं नको, जस्ताचा मुलामा दिलेलं तर मुळीच नको, आणि पहिल्यांदा मोठा जाळ करून ते आतून चांगलं भाजून घ्यावं.

थर्मामीटर मात्र चांगला घ्या, मांसात खुपसायचा. झाकणावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. आणल्यावर उकळत्या पाण्यात घालून तपासा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. १०० दाखवला नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. (मी गेलो होतो.)

लाकूड. हिकरी, ओक वगैरेची पाकिटं ऑनलाइन मिळतात, सोन्याच्या भावात. गरज नाही. वखारीत जा आणि आंबा, जांभूळ, पेरू, बाभूळ यांपैकी जे असेल ते सुकं लाकूड मागा. आंबा सौम्य, कोंबडीला उत्तम. आणि एक गंमत: टेक्सासमध्ये ज्या मेस्कीटच्या लाकडाचं कौतुक चालतं, तिची सख्खी चुलत बहीण म्हणजे आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ. दोघींचा वंश एकच. धूर तिखट असतो, त्यामुळे एखादा तुकडाच टाकायचा. टिंबर मार्केटमधली फुकट ढलपी मात्र आणू नका. त्यात प्लायवूडचा गोंद, पॉलिश, पाइनची राळ, काय काय असतं. निलगिरी नको. आणि कण्हेर चुकूनही नको, ती अख्खी विषारी आहे. लाकूड पाण्यात भिजवायचीही गरज नाही, त्याने आधी फक्त वाफ निघते. धूर लागायचा तो पहिल्या दोन-तीन तासांत लागतो, मांस थंड आणि ओलसर असतं तेव्हा. नंतर नुसत्या कोळशावर भागतं.

आता मांसाचं. टेक्सासचा ब्रिस्केट म्हणजे छातीकडचं गोमांस, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा ती वाट सोडून द्या. पोर्कचा खांदा सगळ्यात क्षमाशील. चरबी भरपूर, थोडं इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. कॅम्पात मिळतो. बोकडाचं मटण इथे फसवतं, कारण त्याला अंगची चरबी कमी, आठ तासांनी नुसतं वाळतं. त्यावर पुण्यातच उत्तर आहे: बोल्हाईचं मटण. वाडे बोल्हाईच्या देवीला मानणारी घरं बोकड खात नाहीत, मेंढी खातात, म्हणून पुण्यात तशा पाट्यांची वेगळी दुकानं आहेत. मेंढीचा खांदा हाडासकट अख्खा मागा. खाटीक सवयीने सुरी उचलेल, त्याला थांबवा. आमच्या खाटकाला ‘तुकडे करू नका’ हे पटायला तीन रविवार लागले.

मसाला फार नको. मांसाच्या वजनाच्या सव्वा ते दीड टक्का मीठ आदल्या रात्री चोळून फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी मिरपूड, थोडा काळा मसाला, किंचित गूळ पावडर. दह्यात घोळवू नका, तो तंदूरचा प्रकार, वेगळा.

मग येतो तो टप्पा जिथे नवखे लोक रडकुंडीला येतात. मांसाचं आतलं तापमान भराभर चढत ६५-७० पर्यंत जातं आणि तिथेच बसतं. एक तास, दोन तास, कधी तीन. विस्तव ठीक, काटा हलत नाही. पहिल्यांदा मला वाटलं थर्मामीटर बिघडला. खरं तर मांस तेव्हा माठासारखं वागत असतं. पृष्ठभागावरचं पाणी उडत राहतं आणि जेवढी उष्णता आत येते तेवढी त्यातच खर्च होते. इथे कोळसा वाढवायचा नाही. एक तर गप्प बसायचं, नाही तर केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचं, म्हणजे पाणी उडायचं थांबतं. याच तासांत आतले चिवट पडदे विरघळून जिलेटिन होत असतं. ९३ ते ९५ अंशांना सुरी लोण्यात जावी तशी जाते. तीन किलोच्या खांद्याला आठ ते दहा तास धरा, वर अर्धा-पाऊण तास झाकून मुरू द्या.

आणि म्हणूनच माणसं लागतात. दहा तास एकट्याने विस्तव राखणं ही शिक्षा आहे, चौघांत ती सहल होते. रायगडकडे थंडीत पोपटी (मडक्यात शेंगा, कोंबडी वगैरे भाजायचा बेत) लावायला बसतात त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

माणसं कुठे मिळाली? पहिला वखारीत भेटला. माझ्यापुढे उभा राहून वखारवाल्याशी जांभळाच्या ओंडक्यावरून हुज्जत घालत होता. हडपसरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आमचं आताचं पिंप त्यानेच वेल्डिंग करून दिलं. दुसरे खाटकाकडच्या रांगेतले, बँकेतून निवृत्त झालेले काका. तिसरी नागालँडची, इथे नोकरी करते. तिच्या घरी चुलीवरच्या मांडवात पोर्क दिवसच्या दिवस टांगलेलं असतं. आमची दहा तासांची कौतुकं ऐकून ती फक्त हसली, पण धूर बघून ‘हवा द्या’ म्हणणारी तीच पहिली. चौथा पक्का शाकाहारी. तो निखारे पेटले की वांगी भाजून भरीत करतो आणि दिवसभर पत्ते पिसतो.

काकांच्या भाच्याचं पानशेत रस्त्याला शेत आहे, तिथे महिन्यातून एक रविवार जमतो. श्रावणात सुट्टी. नियम एकच: कारण नसताना झाकण उघडलं तर पन्नास रुपये दंड, कारण प्रत्येक वेळी कोंडलेली धग निघून जाते. पुढच्या महिन्याचा कोळसा बहुतेक माझ्याच दंडातून येतो.

शेत नसेल तर गच्ची, पण चेअरमनची परवानगी घेऊन आणि लहान ग्रिलवर. बंद बाल्कनीत किंवा घरात कोळसा अजिबात पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर झालेला असतो. घरी बेकन (खारवून धुरावलेलं पोर्क) करायची हौस आली तर थंड धुराच्या फंदात पडू नका. पुण्याच्या हवेत आच न देता तासन्‌तास मांस टांगणं म्हणजे जंतूंना आमंत्रण. आणि त्या पाककृतींतलं ‘पिंक सॉल्ट’ म्हणजे सैंधव नव्हे. त्यात मांस टिकवणारं सोडियम नायट्राइट असतं, जास्त झालं तर घातक, म्हणून ग्रॅममध्ये मोजून वापरायचं. आमच्यातल्या एकाने सैंधव घालून आठवडाभर मांस ठेवलं होतं. टाकून दिलं.

सुरुवात कोंबडीने करा. सव्वा किलोची, मधून चिरून उघडलेली, आच जरा जास्त म्हणजे १४० अंश, नाही तर कातडी रबरासारखी राहते. मांडीत ७४ अंश दिसले की काढा, दीड-दोन तासांत होते. मटण किंवा पोर्क झालं की बोटांनी सोडवून ज्वारीच्या भाकरीवर घ्या, कच्चा कांदा आणि ठेचा बाजूला. कॅरोलिनाकडे पोर्कवर व्हिनेगरचं पाणी शिंपडतात, आम्ही कोकमाच्या आगळात मीठ-मिरची घालून तेच करतो. जास्त चांगलं लागतं, असं माझं मत आहे आणि ते निःपक्ष नाही.

हाडं टाकू नका. दुसऱ्या दिवशी ती अख्ख्या मसुराबरोबर कुकरला लावा, पाच शिट्ट्या, फोडणी फक्त लसणाची.