मोहोर गेला म्हणून पत घालवू नकोस

अरे, आंब्याचा पहिलाच हंगाम बुडाला तरी खचू नकोस. बागायतीत हे चालायचंच. तूर्त एवढंच सांभाळ:

– राखणदाराचा आणि गड्यांचा पगार आधी चुकता कर. दलालाचं नंतर.

– उचल (आंब्यावर घेतलेले आगाऊ पैसे) फिटणार नसेल तर वाशीच्या घाऊक बाजारातल्या दलालाला मुदतीआधी आपणहून सांग. फोन बंद ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक; दुसऱ्याची उचल घेऊन पहिल्याला देणं त्याहून वाईट.

– कर्नाटकचा आंबा आपल्या पेटीत भरायचा मोह होईलच. कोकणच्या हापूसला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव तिथल्याच आंब्याचं; पण ते एक वेळ बाजूला ठेव. पेटीवर तुझ्या वडिलांचं नाव छापलंय ना?

फवारणी, छाटणी पुढे बघू. जमिनीचे एजंट वास काढत येतीलच. चहा पाजून परत पाठव.