वाचकांचे प्रश्न : सायंकाळी ‘फिक्स’ का सुटतो?

प्रश्न : शेताचे बांध नकाशावर आणण्यासाठी आम्ही दोन झेडईडी-एफ९पी उपग्रह-रिसीव्हरांवर आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक स्थान काढण्याची पद्धत) प्रकल्प करतो आहोत. एका जागी ठेवलेल्या रिसीव्हरच्या, म्हणजे बेसच्या, दुरुस्त्या ८६५ मेगाहर्ट्झच्या लोरावरून (लांब पल्ल्याच्या, कमी वेगाच्या रेडिओवरून) फिरत्या रिसीव्हरला, म्हणजे रोव्हरला, जातात. सकाळी ‘फिक्स’ (सेंटिमीटरभर अचूक स्थान) मिळतो, पण अधूनमधून तुटतो. सायंकाळी सातनंतर ‘फ्लोट’च (कमी अचूक, अनिश्चित स्थान) राहतो. रिसीव्हर बदलावा का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : रिसीव्हर बदलू नका. तुमच्या अडचणी दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

दिवसा तुटतो तो लोरामुळे. स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल किती ताणून पाठवायचा ते ठरवणारं सेटिंग) ७ आणि सिग्नलची रुंदी १२५ किलोहर्ट्झ ठेवली, तर वेग सेकंदाला ५.४७ किलोबिट, म्हणजे जेमतेम ६८० बाइट. दहा उपग्रह आणि दोन वारंवारता धरल्या, तर एमएसएम७ (दुरुस्त्यांचा सविस्तर साचा) संदेश सुमारे २७५ बाइटचा होतो. तीस उपग्रहांचे ८०० च्या वर जातात. ते दर सेकंदाला पाठवले की रांग तुंबते आणि रोव्हरला शिळ्या दुरुस्त्या मिळतात. रुंदी २५० करण्याचा मोह होईल, पण या विनापरवाना पट्ट्यात २०० किलोहर्ट्झची मर्यादा आहे. त्याऐवजी एमएसएम४ हा आटोपशीर साचा घ्या (संदेश क्रमांक १०७४, १०९४, ११२४); तेवढ्याच उपग्रहांना सुमारे ५१५ बाइट पुरतात. ते दर दोन सेकंदांनी पाठवा आणि बेसचं स्थान सांगणारा १००५ दर दहा सेकंदांनी. ग्लोनास (रशियाची उपग्रहप्रणाली) तूर्त बंद ठेवा. लोराच्या एका पॅकेटात २५५ बाइटच मावतात, म्हणून संदेशाचे तुकडे क्रमांक घालून पाठवा. एक जरी हरवला तरी तो अख्खा संदेश वाया जातो.

सायंकाळचं कारण आकाशात आहे. बेस आणि रोव्हर जवळ असले की आयनमंडलाची (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थराची) नेहमीची चूक दोघांकडे सारखीच असते, म्हणून वजाबाकीत निघून जाते. पण सूर्यास्तानंतर विषुववृत्ताकडून प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) विरळ बुडबुडे वर चढतात आणि मराठवाड्याच्या अक्षांशांपर्यंत पोचतात. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचा त्रास जास्त. त्यांच्यातून येणारा सिग्नल लुकलुकतो आणि रिसीव्हरची फेजवरची (तरंगाच्या नेमक्या टप्प्यावरची) पकड सुटते. एल१ ची (जीपीएसच्या मुख्य वारंवारतेची) तरंगलांबी १९ सेंटिमीटर. पकड सुटली की अशा पूर्ण तरंगांची मोजदाद पहिल्यापासून करावी लागते. यावर सेटिंगचा इलाज नाही. मोजणी पाचच्या आत उरका.

‘फिक्स’ दिसला म्हणून डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. लिंबाखाली किंवा पत्र्याच्या शेडजवळ परावर्तित सिग्नलामुळे खोटा फिक्स लागतो आणि आकडे स्थिर दिसतात. म्हणून बिंदू घेतल्यावर अँटेना पालथी धरून पकड मुद्दाम तोडा, नव्यानं फिक्स घ्या आणि अर्ध्या तासानं तोच बिंदू पुन्हा मोजा. तोवर उपग्रह सरकतात, परावर्तनं बदलतात. फरक ३ सेंटिमीटरहून जास्त आला, तर तो बिंदू टाकून द्या.

आणि बेस काळ्या मातीत रोवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खूण हलते. विहिरीचा पक्का काँक्रीट कठडा किंवा घराचा स्लॅब बरा. रोज पाच मिनिटांचा ‘सर्व्हे-इन’ (बेसनं सरासरी काढून स्वतःचं स्थान ठरवणं) करत असाल, तर बेसचा पत्ता दरवेळी मीटरभर इकडेतिकडे होईल आणि सगळे बांध त्याच्याबरोबर सरकतील. क्षेत्रफळ बरोबर येतं, म्हणून ही चूक लक्षात येत नाही. एकदाच काही तासांची उपग्रह-सिग्नलांची कच्ची नोंद घेऊन निर्देशांक काढा आणि तेच कायमचे भरा.

हे नकाशे प्रकल्पापुरते. हद्दीचा वाद असेल तर मोजणी भूमी अभिलेख विभागाचीच.