भरपूर पैसा असूनही काही फुटबॉल क्लब का गडगडतात आणि लहान क्लब वर कसे येतात?

तुम्ही विचारलंय की इंग्लंडमधल्या चेल्सी क्लबने एवढा पैसा ओतूनही 2022-23 चा हंगाम वाया का गेला आणि त्याच हंगामात ब्रायटनसारखा लहान क्लब पुढे कसा गेला. मी सांगलीत शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवतो. ती मुलंही मला हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पैशाला महत्त्व नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इंग्लंडमध्ये दहा-पंधरा वर्षांचा हिशोब मांडला, तर खेळाडूंच्या पगारावर जास्त खर्च करणारे क्लबच साधारणपणे वर दिसतात. 2016 मध्ये लेस्टर सिटीने जिंकलं तसं एखाद्या वर्षी लहान क्लब अजिंक्यपद जिंकतो, पण अशी वर्षं विरळाच. तरीही सारख्याच पैशात एक क्लब चढतो आणि दुसरा घसरतो. माझ्या मते याचं कारण एकच: खेळाडू ओळखण्याची आणि संघ बांधण्याची अक्कल क्लबमध्ये मुरलेली आहे, की एका-दोन माणसांबरोबर येते आणि जाते?

ब्रायटनचंच बघा. 1997 मध्ये त्यांना विकलेलं स्वतःचं मैदान सोडावं लागलं आणि ते व्यावसायिक लीगमधून बाहेर फेकले जाण्यापासून जेमतेम वाचले. पुढे कित्येक वर्षं धावपट्टी असलेल्या एका तात्पुरत्या मैदानावर खेळले. 2009 मध्ये टोनी ब्लूम यांनी क्लब हाती घेतला, 2011 मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं, 2017 मध्ये ते प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत आले. ब्लूम यांचा मूळ धंदा आकडेवारीवर चालणाऱ्या सट्टेबाजीचा. खेळाडू पारखायलाही त्यांनी आकडेवारीचीच पद्धत बसवली. इक्वेडोरच्या मोइसेस कायसेदोला 2021 मध्ये साधारण 40 लाख पौंडांना आणलं आणि 2023 मध्ये 10 कोटींहून जास्त किमतीला चेल्सीला विकलं.

सप्टेंबर 2022 मध्ये चेल्सीने ब्रायटनचा प्रशिक्षक ग्रॅहम पॉटरच उचलून नेला. ब्रायटनने रॉबेर्तो दे झेर्बीला आणलं, हंगाम सहाव्या क्रमांकावर संपवला आणि पहिल्यांदाच युरोपीय स्पर्धेत जागा मिळवली. चेल्सी बारावा आला. पॉटरही एप्रिलमध्ये गेला. माणूस नेता आला, त्याच्यामागची यंत्रणा ब्रायटनमध्येच राहिली. लेस्टरला हे जमलं नाही. विजेत्या संघातले व्हार्डी, महरेज, कान्ते हे खेळाडू हेरणाऱ्यांपैकी महत्त्वाचे स्टीव्ह वॉल्श 2016 मध्येच एव्हर्टन या दुसऱ्या क्लबला गेले. पुढे एफए कप ही इंग्लंडमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा जिंकली, चांगले हंगामही झाले, पण 2023 मध्ये क्लब खालच्या श्रेणीत उतरला.

काही क्लब थेट कर्जाने बुडतात. लीड्स युनायटेड 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत होता. दरवर्षी तिथे पोहोचू, असं गृहीत धरून त्यांनी पुढच्या उत्पन्नावर कर्ज काढलं होतं. छाटणी झालेली नसताना द्राक्षांच्या भरवशावर उचल घेतली तर काय होतं, हे आपल्या तासगावच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको. लीड्स 2004 मध्ये खाली गेला, 2007 मध्ये आणखी एक पायरी खाली.

आता आपल्याकडचं. मुंबईचा महिंद्रा युनायटेड 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2010 मध्ये कंपनीने संघच बंद केला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या पंजाबच्या जेसीटीचंही पुढच्याच वर्षी तेच झालं. संघ चांगले होते, पण ते कंपनीच्या ताळेबंदातली एक ओळ होते. याचं मला अजून वाईट वाटतं.

याउलट इथून तासाभराच्या अंतरावर कोल्हापूर आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब यांच्यामागे मोठी कंपनी नाही, पेठ आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की मी मुलांना घेऊन जातो. तिथल्या लोकांचं वेड बघूनच मुलं निम्मं फुटबॉल शिकतात. असे संघ सहजी मरत नाहीत. पण राष्ट्रीय पातळीवर पोहोचायला पूर्णवेळ प्रशिक्षक, लहान वयोगटांचे संघ आणि पैसा लागतो, तिथे ते अडतात. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पण घडायला त्याला पुण्याला जावं लागलं.

लोकांचं वेड आणि चांगलं प्रशिक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते मिझोरामच्या आयझॉल क्लबने दाखवलं. तिथे पोरंटोरं गल्लोगल्ली फुटबॉल खेळतात. त्यात खालिद जमील यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला आणि आदल्या वर्षी खाली उतरूनही पुन्हा संधी मिळालेल्या या क्लबने 2016-17 ची आय-लीग (राष्ट्रीय लीगचंच पुढचं रूप) जिंकली. लगेच प्रशिक्षक ईस्ट बंगालला गेले आणि आयझॉलला ती उंची पुन्हा गाठता आली नाही.

सांगलीत क्लब काढायचा विचार करणारे अनेकजण आधी जर्सीसाठी प्रायोजक शोधतात. मी त्यांना सांगतो, पहिले पैसे दोन स्थानिक पोरांना प्रशिक्षकाचा परवाना मिळवून द्यायला घाला आणि वर्षभर मिळेल असं मैदान लेखी ठरवून घ्या.